खेळणाऱ्याला आरोपी करू नका, साक्षीदार करा



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यात सोडून "हा जुगाऱ्यांचा वकील झाला" अशी कमेंट टाकू नका. तेवढं तर एका आमदाराच्या ऑफिसात मला तोंडावर ऐकवून झालंय.

झालं असं. नागपूरचं अधिवेशन जवळ आलंय म्हणून आम्ही चार जणांनी एक पानाचं निवेदन लिहिलं. विषय लिहिला, "ऑनलाइन पत्ते, पोकर, रमी खेळताना सापडलेल्या पहिल्या वेळच्या तरुणांवरची शिक्षा सौम्य करणेबाबत." आपल्या जिल्ह्यातल्या एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात घेऊन गेलो. पीएने विषयाची ओळ वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "दादा, लोक रस्ता मागतात, डीपी मागतात, विहीर मागतात. तुम्ही जुगाऱ्यांची शिफारस घेऊन आलात?"

बाकावर बसलेले सगळे हसले. मी पण हसलो. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. कारण त्या निवेदनात ज्याच्याबद्दल लिहिलं होतं, तो माझा भाचा आहे.

आधी माझी ओळख. केज तालुक्यात माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, लाडक्या बहिणीची केवायसी, अंगठा लावून पैसे काढणं, पासबुकाची प्रिंट, हे माझं काम. गावातल्या माणसाच्या खात्यात काय येतं आणि कुठं जातं, हे त्याच्या बायकोच्या आधी मला दिसतं. कुणाचं नाव कधी घेत नाही, घेणारही नाही. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीचं अनुदान जमा झालं तेव्हा काही स्टेटमेंटं प्रिंट करताना हात थबकला. सकाळी पैसे जमा, दुपारपासून पाचशे, हजार, पाचशे, दोन हजार असे तुकडे बाहेर. समोरचं नाव दर वेळी वेगळं. रात्री शिल्लक ११३ रुपये. आणि माणूस काउंटरवर उभा राहून विचारतो, "पैसे आले का हो दादा?" त्याच्या मागे त्याचे वडील उभे असतात. मी काय सांगणार?

आता कबुलीही देऊन टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट टाकेल. लॉकडाऊनमध्ये मीही खेळलोय. केंद्र बंद, हातात फोन. आधी रमी, मग पोकर. पोकर शिकलो तेव्हा वाटलं, हे आपल्या तीन पत्तीसारखं नाही, यात डोकं लागतं. आणि खरंच लागतं. पहिल्या पंधरा दिवसांत सहा हजार जिंकलो. चार महिन्यांत एकेचाळीस हजार हरलो. बायकोच्या गंठणावर सोनेतारण काढलं होतं, ते सोडवायला दीड वर्ष गेलं. तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज मीच सांगतोय.

म्हणून "कौशल्याचा खेळ की नशिबाचा खेळ" हा कोर्टातला वाद मला जरा वेगळा दिसतो. सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. आपल्या राज्याच्या जुगार कायद्यातही कलम १३ आहे, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. याच दाराने कंपन्या आत आल्या. पोकरवर तर कोर्टांचंही एकमत नाही. गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकरला जुगार म्हटलं, इतर काही हायकोर्टांनी कौशल्य म्हटलं. वकिलांनी वर्षानुवर्षं या एका शब्दावर पैसे कमावले.

पण आपल्याकडच्या पत्त्याच्या अड्ड्यावर बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, पैसा कोण कमावतो? तो सांगेल, नाल काढणारा. खेळणारे येतात-जातात, नाल काढणारा उठत नाही. ॲपवाल्याचंही तेच. समजा सहा जण एकेक हजार घेऊन बसले. टेबलावर सहा हजार. डावाला सरासरी तीनशे जमतात आणि कंपनी पाच टक्के, म्हणजे पंधरा रुपये, काढून घेते. दोनशे डाव झाले की तीन हजार कंपनीकडे. टेबलावरचे निम्मे पैसे गेले आणि कुणी वाईट खेळलंसुद्धा नाही! झाडाखालच्या अड्ड्यावर दोनशे डावांना दिवस मावळतो. फोनवर पत्ते पिसायला हात लागत नाही, पारावर दिवा लागत नाही आणि घरच्यांना आवाज जात नाही. वर १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. म्हणजे सरकारनेही आपली नाल बसवली.

तर आता भाच्याकडे येतो.

मावसबहिणीचा मुलगा. वय बावीस. बीडला खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटर, गोळाफेक, शंभर मीटर, सकाळी चारला उठून. आईवडील ऊसतोड मजूर. दाजी-ताईंचा कोयता दर वर्षी दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

गेल्या वर्षी त्या उचलीतले बासष्ट हजार पोराकडे ठेवले होते, खोलीभाडं, अकॅडमी आणि आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. एका मित्राने व्हॉट्सॲपवर 'आयडी' मिळवून दिली. पहिल्या दिवशी साडेतीन हजार जिंकला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गावी आला तेव्हा हरलेले भरून काढायला एका आखाड्यावर बसायला लागला. पाच-सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात फोन, मध्ये एक वही. पोलिसांचा छापा पडला. फोन जप्त, रोख जप्त, गुन्हा दाखल. कलम ४ आणि ५. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, "जुगार अड्ड्यावर छापा, इतक्या जणांवर गुन्हा."

आयडी देणारा त्या दिवशी तिथं नव्हताच. असतो कधी? पोरांना विचारलं, आयडी कुणी दिली? सगळे गप्प. का गप्प? कारण "अमक्याने दिली" म्हणायचं तर "मी खेळलो" हे आधी कबूल करावं लागतं. कबूल केलं की केस पक्की. शिवाय गावात त्या माणसाच्या समोरून रोज जायचंय. आरोपी झालेला पोरगा तोंड उघडत नाही. तोंड उघडलं नाही की एजंट सुटतो. एजंट सुटला की वरचा तर कुणाला दिसतच नाही.

हाच माझा मुद्दा आहे मंडळी. एवढ्यासाठीच ही पोस्ट.

कायदा काय म्हणतो ते बघा. आपल्याला लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. मुंबई इलाख्याचा. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढं तो कायदा आपल्या डोक्यावर आला. इंग्रजांनी तो अड्डा डोळ्यासमोर ठेवून केलेला. चार भिंती, पत्ते, फासे, मालक. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ तिथं सापडणाऱ्याला. आणि या कलम ५ मध्ये एक गंमत आहे, अड्ड्यावर खेळ चालू असताना जो कुणी तिथं सापडेल, तो खेळायलाच आला होता असं धरून चालायचं. नव्हता आला तर ते त्यानेच सिद्ध करायचं. चहा घेऊन गेलेल्या पोरानेसुद्धा!

प्रत्यक्षात काय होतं? तुरुंगात फारसं कुणी जात नाही. जामीन, तारखा, शेवटी दंड. मग शिक्षा सौम्य करा म्हणायचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. कारण खरी शिक्षा दंडाची नसतेच. ती चारित्र्य पडताळणीची असते. भरतीच्या फॉर्मवर रकाना असतो, "आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय?" नाही लिहिलं तर माहिती लपवली म्हणून घरी. हो लिहिलं तर फाईल समितीपुढं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय की किरकोळ गुन्ह्याकडे नेमणूक करणारा दुर्लक्ष करू शकतो. करू शकतो. करेलच असं नाही. त्या 'शकतो'वर आपल्या जिल्ह्यातल्या पोरांची वर्षं जातात. वय थांबत नाही.

आणि इथंच मला राहवत नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमी दिसतेय असा व्हिडिओ आमदार रोहित पवारांनी टाकला. कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत, मी न्यायाधीश नाही. महिनाअखेरीला त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. आपल्याकडच्या पोरांनी त्यावर मीम केले, मीही फॉरवर्ड केले. पण विचार करा. मंत्र्याचं खातं बदललं. आपल्या पोराचं खातं रिकामं झालं, वर गुन्हा लागला आणि खाकीचं स्वप्न गेलं ते वेगळंच.

हे फक्त एका मंत्र्याचं नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दुर्बीण लावून पैसे लावणाऱ्याला कुणी जुगारी म्हणत नाही, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत कौशल्यात बसवली. सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. राज्यात कॅसिनोचा कायदा १९७६ ला करून ठेवला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. रद्द केला ते चांगलंच केलं. शेजारी गोव्यात काय झालं बघा. १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी कॅसिनोला दार उघडलं, मांडवी नदीत जहाजं उभी राहिली, आणि २०२० मध्ये गोव्याच्याच लोकांना आत जायला बंदी करावी लागली. म्हणजे विष आहे हे माहीत आहे, फक्त ते पाहुण्यांनी प्यावं! त्यामुळे "जुगार कायदेशीर करा, कर घ्या, रोजगार येईल" म्हणणाऱ्यांच्या टोळीत मला कुणी बसवू नका. माझं म्हणणं ते नाहीच.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आपली बाजू मांडली. तामिळनाडूने ऑनलाइन रमी-पोकर बंद केलं, कंपन्या कोर्टात गेल्या, २०२१ मध्ये कायद्याची दुरुस्ती रद्द झाली. कर्नाटकने बंद केलं, २०२२ मध्ये तिथंही तेच. महासंघ, वकील, शिष्टमंडळं, जाहिराती, सिनेमावाले, क्रिकेटवाले. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी अशा जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरांच्या घरासमोर आंदोलन केलं तर पोलिसांनी त्यांनाच ताब्यात घेतलं. कंपनीची बाजू मांडायला माणसं आहेत. खेळून बरबाद झालेल्या पोराची बाजू मांडायला आमदाराच्या दारात कोण जातं? बाप लाजेने जात नाही. आईला माहीतच नसतं. आम्ही चौघं गेलो तर हसले.

आता दिल्लीचं बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. चर्चा किती झाली हा वेगळा विषय. पण त्यात दोन गोष्टी सरळ आहेत. एक, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. पैसे फिरवणाऱ्यालाही शिक्षा. दोन, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारनेच सांगितलं की खेळणारा गुन्हेगार नाही, तो बळी आहे. सरकारचा स्वतःचा अंदाज आहे की देशात सुमारे ४५ कोटी लोक यात वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये घालवतात. कंपन्या कोर्टात गेल्या, सप्टेंबरमध्ये त्या याचिका सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या. तिथं काय व्हायचं ते होईल.

मग प्रश्न असा, दिल्ली ज्याला बळी म्हणते, त्याला गल्लीत आरोपी का म्हणायचं? घरी एकट्याने फोनवर खेळला तर बळी आणि तोच फोन घेऊन आखाड्यावर पाच जणांत बसला तर कलम ५? फोन तोच, ॲप तेच, पैसे त्याच कंपनीकडे गेले.

आणि सट्टा व जुगार हा विषय घटनेप्रमाणे राज्याचा आहे, राज्य सूचीतली नोंद ३४. म्हणजे १८८७ चा कायदा दुरुस्त करायचा अधिकार आपल्या आमदारांच्या हातात आहे. "वरून आलं पाहिजे" हे कारण चालणार नाही.

उलट भीती दुसरीच आहे. उद्या कुणी जोशात येऊन राज्याचा वेगळा कडक कायदा आणेल आणि त्यात खेळणाऱ्यालाही धरेल. आंध्रने २०२० मध्ये तसंच केलं, ऑनलाइन खेळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. तामिळनाडूच्या २०२२ च्या कायद्यात खेळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पुढच्या वर्षी मद्रास हायकोर्टाने रमी-पोकर त्यातून बाहेर काढलं. म्हणजे कंपनी सुटली! अशा कायद्याचा आपल्याला काय उपयोग?

आता समोरच्यांचं म्हणणं. मी स्वतःच स्वतःला विचारून बघितलंय.

पहिलं, "शिक्षा कमी केली तर धाक राहणार नाही." हे आमच्या गावातल्या एका आजीने मला विचारलं. तिच्या नातवाने तिची बोरमाळ विकली. ती म्हणाली, "लेकरा, त्याला आत टाका. चार दिवस खाईल तिथलं, येईल भानावर." आजीला काय उत्तर द्यावं, मला त्या वेळी सुचलं नाही. आज सांगतो. आजी, तुमच्या नातवाला पोलिसांची भीती आहेच. त्या भीतीने तो खेळायचा थांबला नाही, फक्त सांगायचा थांबला. तुम्हाला नाही सांगितलं, बापाला नाही सांगितलं, पोलिसांना तर नाहीच नाही. सायबर फसवणुकीचा १९३० नंबर आहे. माझ्या केंद्रात किती पोरं येतात, "दादा, जिंकलेले पैसे निघेनात, आयडी बंद केली." मी म्हणतो, लाव १९३०. पोरगं म्हणतं, "नको दादा, माझ्यावरच केस होईल." हा धाक आपल्या कामाचा नाही, एजंटाच्या कामाचा आहे. एजंट तर उघड धमकी देतो, "जा ना पोलिसात, तूच आत जाशील." आपला कायदा एजंटाची लाठी झालाय.

दुसरं, "हे सगळं कंपन्यांच्या फायद्याचं आहे." उलट आहे. कंपनीला, आयडीवाल्याला, खात्यांवाल्याला सगळ्यात जास्त कशाची भीती असेल तर हरलेला माणूस बोलायला लागण्याची. आपल्या जिल्ह्याचा विषय तर आणखी खोल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी महादेव ॲपचे धागेदोरे बीड जिल्ह्यापर्यंत असल्याचा आरोप जाहीरपणे केला होता. तो आरोप तपासायचं काम यंत्रणांचं आहे. पण असे व्यवहार चालतात कशावर? गरीब पोरांच्या खात्यांवर. "पासबुक, एटीएम, सिमकार्ड दे, महिन्याला पाच हजार घे." पोरगं देतं. खात्यावरून लाखो फिरतात, मग एक दिवस दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा फोन येतो आणि खातं गोठतं. त्या पोराला सगळं माहीत असतं, खातं कुणी मागितलं, सिम कुणी नेलं. तो बोलला तर साखळीची पहिली कडी हातात येते. पण त्याला बोलायला जागाच ठेवलेली नाही.

तिसरं, "मग सराईत जुगाऱ्यालाही सोडायचं का?" नाही. पहिल्या वेळेची गोष्ट आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सापडला तर चढत्या क्रमाने घ्या. आणि जो टोळी करून धंदा करतो त्याच्यासाठी हत्यार आधीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११२. टोळीने केलेला बेकायदा सट्टा-जुगार हा छोटा संघटित गुन्हा, एक ते सात वर्षं कैद. ते वापरा ना! पण नाल काढणाऱ्यावर वापरा. पाच हरलेली पोरं एकत्र बसली म्हणजे टोळी झाली, असं करू नका.

आमच्या निवेदनात काय आहे ते आता सांगतो. पीएने पुढं वाचलंच नाही, तुम्ही वाचा.

१. पहिल्यांदा खेळताना सापडलेल्यावर गुन्हा दाखल करण्याऐवजी लेखी तंबी आणि दंड. त्याची नोंद चारित्र्य पडताळणीत येऊ नये. तिथं हजर होता म्हणजे खेळतच होता, हे गृहीतक काढून टाकावं.

२. खेळणाऱ्याने एजंट, आयडी किंवा खातं मागणाऱ्याविरुद्ध तक्रार दिली, तर त्या तक्रारीतली कबुली त्याच्याविरुद्ध वापरायची नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहावं.

३. अड्डा चालवणारा, आयडी वाटणारा, खाती गोळा करणारा, यांची शिक्षा कमी तर नाहीच, उलट वाढवावी. केंद्राच्या कायद्याप्रमाणे त्यांच्यावर जिल्ह्यात किती कारवाया झाल्या, हे दर अधिवेशनात सभागृहात सांगावं. अड्ड्यावर किती पोरं धरली तो आकडा नको, किती एजंट धरले तो सांगा.

४. राज्याने ऑनलाइन जुगारावर वेगळा कायदा केला तर त्यात खेळणाऱ्याला कैद नको.

५. दंडाचा पैसा उपचारावर खर्च व्हावा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण भागातलं हे मोठं कॉलेज आपल्या दारात आहे, तर प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोनदा तिथला मानसोपचाराचा डॉक्टर बसायला काय हरकत आहे? दारूचं व्यसन तोंडाच्या वासाने कळतं. फोनवरच्या या व्यसनाला वास नाही, घरच्यांना ते तारण ठेवलेल्या सोन्याची नोटीस आल्यावर कळतं.

एवढंच. यात कुठं जुगाराची शिफारस आहे, दाखवा.

हे वाचणाऱ्यांत अशी पोरं असतील जी आत्ता या क्षणाला हरलेले पैसे परत आणायच्या विचारात असतील. त्यांच्यासाठी थांबून सांगतो. ते परत येत नाहीत. मी चार महिने आणायचा प्रयत्न केलाय. घरात एका माणसाला सांगा. एकालाच, पण आजच. सांगायला कुणी नसेल, डोक्यात वाईटसाईट येत असेल तर १४४१६ लावा, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. तेही नको वाटलं तर माझ्या केंद्रात या. पैसे देऊ शकणार नाही, पण चहा पाजीन, ऐकून घेईन आणि कुणाला बोलणार नाही.

भाच्याचं काय झालं विचाराल. केस चालू आहे, तारखा पडतात. वकिलाची फी ही बासष्ट हजारांच्या वरची गोष्ट. त्या पैशांची उचल दाजी-ताईला फेडायचीच होती, कारण मुकादमाला ॲप आणि पोकर समजत नाही, त्याला टनाचा हिशोब समजतो. यंदा दोघांबरोबर तोही गेलाय तोडीला. जाताना ताईने त्याचे पळायचे बूट पिशवीत टाकले. तो म्हणाला, "काढ ते, उगं ओझं." तिने काढले नाहीत. परवा रात्री त्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, त्या आयडीवाल्याचं स्टेटस बघितलं का? नवीन गाडी घेतली त्याने."

मी बघितलं होतं. गाडीला हार घातलेला, खाली शंभर जणांनी अभिनंदन लिहिलेलं.

तर मंडळी, गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी, सहा मतदारसंघ, सहा आमदार. तुमचा जो असेल त्याला हे पाच मुद्दे पाठवा. स्वतःच्या शब्दांत पाठवा. पक्ष बघू नका. लग्नात, मयतीत, दशक्रियेला ते भेटतातच, तिथं तोंडावर विचारा, "साहेब, एजंट किती धरले?" एक माणूस गेला की हसतात, हे मी बघून आलोय. पन्नास गेले की पीए खुर्ची देतो, हेही आपल्याला माहीत आहे.

आम्ही चौघं पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत, त्याच ऑफिसात, तेच निवेदन घेऊन. विषयाची ओळ तेवढी बदलली आहे. आता लिहिलंय, "एजंट पकडण्यासाठी साक्षीदार मिळवून देणेबाबत." कोण कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, मुद्द्यावर भांडा. शिव्या डिलीट करीन.

— ई-सेवा केंद्रवाला, केज तालुका